होडीला ब्रेक नसतो

इंजिन आंब्याच्या फांदीला साखळीने टांगलेलं होतं. खाली व्हॅन तोंड उघडून उभी होती. तिचं जुनं पेट्रोलचं इंजिन काढून केळीच्या बुंध्याशी टाकलं होतं. बस्त्याव मेस्त्री वरून साखळी सैल सोडत होता, नाथा खाली उभा राहून दोन्ही हातांनी इंजिन वळवून घेत होता, आणि माझी थोरली जाऊ आनंदी उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

इंजिन तिच्या नवऱ्याच्या लाँचचं होतं.

ते जागेवर बसायला वीतभर उरलं असेल, तेव्हा ती मला म्हणाली, "दुर्पदे, तुझ्या घोवाक सांग. ह्या इंजिनाक सोडून परत उडी मारून येव नको म्हणान."

नाथा, म्हणजे माझा नवरा, तिच्यापासून चार हातांवर होता. त्याला ऐकू गेलं. त्याने मान वर केली नाही. "सोड," एवढंच तो बस्त्यावला म्हणाला, आणि इंजिन खाली बसलं तेव्हा व्हॅनचं नाक जमिनीकडे असं वाकलं की पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या कुरकुरल्या.

आमच्यात बाईमाणसाने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. मीही जन्मभर घेतलं नाही. पण 'हे' आणि 'ह्यांनी' करत गोष्ट लिहिली तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नाथाच लिहिते, आणि एकेरीच. रागवायला ते आता नाहीत.

लाँच दोघा भावांची म्हणायची, पण खरी थोरल्या गोपाळदादाची. लाँच हाकणारा तांडेल तो, नाथा इंजिनावर. पावसाळ्याच्या तोंडावर लाँच खाडीत आणून वर ओढायची असते. त्या दिवशी खलाशी सुट्टीवर गेलेले, म्हणून दोघेच भाऊ ती आणायला निघाले. वारा अचानक फिरला आणि लाँच खाडीच्या तोंडाजवळच्या खडकांवर चढली. नाथा पोहत किनाऱ्याला लागला. गोपाळदादा आला नाही. दर्याने त्याला परतही दिलं नाही.

बंदरावर सगळे जमले. काय झालं म्हणून विचारलं, तर नाथा एकच वाक्य बोलला, "मी उडी मारलंय." त्याच्यापुढे एक अक्षर नाही. मला नाही, आपल्या आईला नाही, कोणाला नाही. माणूस गप्प बसला की उरलेलं लोक बोलतात. भावाला लाँचवर टाकून ह्याने उडी मारली, असं झालं. मग त्याचं नावच 'उडी' पडलं. 'उडी चलली बघ बाजारात.' एकही तांडेल त्याला आपल्या होडीवर घेईना. असा माणूस होडीवर असला की दर्या आणखी एका जिवाची मागणी करतो म्हणत.

जाऊ आमच्याच घरात, आमच्याच चुलीवर. पण त्या दिवसापासून ती नाथाशी बोलली नव्हती. निरोप माझ्यामार्फत. जेवणाचं ताट ती जमिनीवर ठेवायची आणि हाताने पुढे सरकवायची.

लाँचचा सांगाडा खडकात अडकून राहिला होता. मोठ्या ओहोटीला बस्त्यावने इंजिन सोडवून आणलं, गोड्या पाण्याने धुतलं, डिझेलने धुतलं, सगळं खोलून परत बांधलं आणि ते चालू झालं. विकावं तर खारं पाणी प्यालेलं इंजिन कोण घेणार? ते परसात गोणपाटाखाली पडून राहिलं.

व्हॅन माझ्या मामाची. मामा तिच्यातून सोड्याच्या बाटल्या गावोगाव पोचवायचा आणि कधीमधी नाथाच ती चालवायचा. पेट्रोल महाग झालं त्या साली मामाने धंदा सोडला. व्हॅन माडांत उभी राहून तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तेव्हा बस्त्यावच म्हणाला की एकाकडे इंजिन आहे आणि गाडी नाही, दुसऱ्याकडे गाडी आहे आणि तिला पेट्रोल परवडत नाही. मग घोडं अडलंय कुठे?

बेत असा होता: बंदरावर मासळी घ्यायची, फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात टाकायची, आणि येताना गुळाच्या ढेपा आणायच्या. पेट्रोलवर हे जमत नव्हतं, डिझेलवर जमेल. जमलं तर विधवेचं आणि सधवेचं, दोन्ही पोटं एका गाडीवर भरणार. नाही जमलं तर जाऊ आपल्या माहेरी, आणि आम्ही मुंबईला. म्हणजे घराला कुलूप. तिने इंजिन द्यायला होकार दिला तो म्हणून. प्रेमाने नाही.

बस्त्याव इंजिनांचा देवमाणूस. आवाजावरून सांगायचा की कुठलं नोझल थुंकतंय. पण त्याचा जन्म होड्यांत गेलेला. व्हॅनला त्याने पहिल्यांदाच हात लावला. तरी त्याने सगळा विचार केला. इंजिन जड, म्हणून पुढे दोन जास्तीच्या पाट्या घातल्या. होडीत इंजिनाला थंड करायला दर्याचं पाणी असतं, इथे ते कुठलं, म्हणून एका मोडक्या ट्रकचा रेडिएटर आणला. गिअरच्या पेटीशी इंजिन जुळेना, तर जाड पत्रा कापून मधे पट्टी बनवली. आणि चावी फिरवून डिझेल बंद होत नाही, त्याचं तेल तोडावं लागतं, म्हणून नाथासमोर एक तार काढून तिला नारळाच्या करवंटीची मूठ लावली. ओढली की इंजिन बंद.

एक रबरी नळी तेवढी उरली. जुन्या पेट्रोलच्या इंजिनाला ती जोडलेली होती आणि खाली फळीखालच्या एका गोल डब्याकडे जात होती. बस्त्यावने ती हातात धरून नाथाला दाखवली. नाथा म्हणाला वायपरची असेल, जुन्या गाड्यांचे वायपर इंजिनाच्या हवेवर चालतात असं मामा म्हणायचा. दिवस थंडीचे. वायपर कोणाला हवा होता? नव्या इंजिनाला ती जोडायला जागाही नव्हती. बस्त्यावने नळीचं तोंड दुमडलं, काथ्याने करकचून बांधलं आणि आत खोचून दिलं.

गावातल्या सपाट रस्त्यावर गाडी फिरवून बघितली. धूर, धडधड, पोरं मागे धावतायत. ब्रेक जरा कडक लागतो असं नाथा म्हणाला. बस्त्याव म्हणाला नाक जड झालंय, आणि इतके दिवस उभी गाडी, चालली की मोकळी होईल.

पहिल्या फेरीला आम्ही तिघे निघालो. नाथा चाकावर, मी मधे, दाराशी बस्त्याव. मासळी विकायला मी आणि इंजिनाची नाडी बघायला तो. जाऊ बाहेर आली नाही, पण खिडकीचं दार अर्धं उघडं होतं.

चढताना गाडीने आमची मान उंच केली. पेट्रोलवर ज्या चढणीला ती धापा टाकायची, तिथे हे इंजिन मासळी-बर्फ घेऊन एका लयीत चढत गेलं. घाई नाही, थांबणं नाही. बस्त्याव दारावर ताल धरून गात होता. कोल्हापुरात मासळी हातोहात गेली. गूळवाल्याने ढेपा भरून दिल्या, जरा जास्तच भरल्या, आणि नाथाने नको म्हटलं नाही. पहिलं भाडं होतं. माघारी जाताना नाथा हसला. गोपाळदादा गेल्यानंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

दाजीपूर मागे पडलं आणि उतरण लागली.

दुपारची वेळ. डाव्या हाताला डोंगर, त्याच्या पायथ्याशी गटार. उजव्या हाताला दरी, आणि दरीत खोल कुठेतरी आपलं कोकण. पहिल्या वळणाला नाथाने ब्रेक दाबला. गाडी सावकाश झाली, पण उशिरा. दुसऱ्या वळणाला तो सीटवरून थोडा उठला. मला वाटलं बसून पाय आखडले असतील. तिसऱ्या वळणाला मी त्याच्या मानेकडे बघितलं. शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या.

"काय झाला?" मी विचारलं.

"दगडार पाय ठेवल्यासारख्या लागता."

बस्त्यावचं गाणं बंद झालं. हँडब्रेक ओढ, असं नाथा त्याला म्हणाला. बस्त्यावने माझ्या गुडघ्यांवरून वाकून दोन्ही हातांनी ओढला. गाडी मागून कण्हली, जळक्या रबराचा वास आला, आणि थोड्या वेळाने ती दांडी त्याच्या हातात सैल झाली. काही लागेना.

जुनं पेट्रोलचं इंजिन उतरणीला गाडी धरून ठेवायचं, नाथाला त्याची सवय होती. हे धरेना. नाथाने खालचा गिअर टाकायचं ठरवलं. क्लच दाबला, दांडी मधे आणली, पुढे ढकलली. पेटीतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. पुन्हा ढकलली. जात नव्हती. आता गाडी कुठल्याच गिअरमधे नव्हती. मागे गुळाचं ओझं, पुढे लोखंडाचं, आणि खाली उतार. इंजिन मात्र आपलं संथ डुगडुगत होतं, जसं काही ते वेगळ्याच गावाला चाललं होतं.

एक वळण गेलं. कसं गेलं ते मला ठाऊक नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा रस्ता बराच सरळ होता आणि त्याच्या टोकाला वळण दिसत होतं. वळणाला कठडा नव्हता, चुना फासलेले चार दगड होते आणि त्यांच्यापलीकडे आभाळ.

"बस्त्याव," नाथा म्हणाला, "दार उघड. हिका घेवन उडी मार."

त्याचा आवाज चढला नव्हता. बस्त्यावने दार उघडलं. माझा हात धरून त्याने ओढलं, मीही सरकले असेन, नक्की आठवत नाही. मग हात सुटला आणि दारात बस्त्याव नव्हता. मागे रस्त्यावर काहीतरी गडगडलं.

"दुर्पदे, उडी मार."

मी नाथाकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात चाकावर होते. उजवा पाय ब्रेकवर, सगळं अंग त्या पायावर. त्याच्या बाजूचं दार बंद होतं. त्याने त्या दाराकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"आणि तुमी?"

"मी सांगतंय ता आयक. उडी मार."

माझ्या मनात तेव्हा काही थोर विचार आला असं कोणी समजू नये. मला फक्त जाऊ दिसली, उंबऱ्यातली. आणि वाटलं की आता मी एकटी घरी गेले, तर तिच्याशेजारी उंबऱ्यात मी उभी राहणार आणि आम्ही दोघी एकमेकींकडे काय बघणार?

मी लुगड्याचा काष्टा वर खोचला, गिअरच्या दांडीवरून पाय पलीकडे टाकला आणि त्याच्या ब्रेकवरच्या पायावर माझा पाय ठेवला. दोन्ही हातांनी मागे सीटची लोखंडी पट्टी धरली, पाठ टेकली आणि सगळं बळ टाचेत आणलं. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वाळू तुडवलेला पाय होता तो.

टाचेखाली काहीतरी कट्‌कन वाजलं. नाथाने दातांतून श्वास घेतला. पण खालचा दगड हलला. बोटभर हलला असेल.

"दाब," तो म्हणाला.

मी दाबत राहिले. गाडी थांबत नव्हती, पण तिचा माज कमी होत होता. नाथाचा एक हात चाकावरून सुटला आणि गिअरच्या दांडीवर गेला. त्याने क्लच दाबला, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला, जसा तो लाँचवर ऐकायचा, आणि दांडी ढकलली. या वेळी गेली. इंजिन असं किंचाळलं की मला वाटलं फुटलं. गाडीने नाक खाली घातलं. नाथाने चाक डावीकडे वळवलं, डोंगराच्या अंगाला. उघडं दार आधी गेलं. मग पत्रा डोंगराला घासत चालला, माती, मुळं, दगड दारातून आत माझ्या अंगावर आले. मग डावं चाक गटारात पडलं, आम्ही दोघे एकमेकांवर आदळलो, आणि गाडी थांबली.

चुन्याचे दगड समोर स्वच्छ दिसत होते. त्यातल्या एकावर सरडा बसला होता.

शांत झालं असं म्हणवत नाही. नाथाने क्लच दाबून धरला होता आणि इंजिन चालूच होतं. गाडी तिरपी, दार नाही, मागे गुळाच्या ढेपा फुटलेल्या, आणि इंजिन डुग डुग डुग. मी म्हटलं बंद करा. नाथाने ऐकलं नाही. करवंटीच्या मुठीला हात लावून तो तसाच बसला होता. मला वाटलं त्याला झटका बसलाय. मी पुन्हा म्हटलं.

"थांब," तो म्हणाला. "ता बंद होयसर मी पाण्यात आयकत होतंय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं की तो घाटातलं नाही, त्या दिवशी पोहताना हेच इंजिन बंद पडेपर्यंत ऐकलं ते बोलतोय.

बराच वेळ तो ऐकत राहिला. मग त्याने तार ओढली. इंजिन थांबलं आणि दरीतला वारा ऐकू आला. माझा पाय अजून त्याच्या पायावरच होता. दोघांनाही तो काढायचं सुचलं नव्हतं.

"मी तुका उडी मार म्हणान सांगलंय," तो म्हणाला, "तू आयकलंस नाय."

"नाय."

"दादानव माका असाच सांगल्यान. खडपार चढली तेवा. माका म्हणालो, उडी मार, मी मागसून येतंय." तो समोर काचेतून बघत होता. "मी आयकलंय."

एवढंच. इतके महिने घशात अडकलेलं ते इतकंसं होतं. मी विचारलं की हे लोकांना सांगायला काय झालं होतं. तर म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर आपली उडी खपवू? आणि खरं कोण मानणार? तिथे तिसरं कोण होतं?

वरून बस्त्याव लंगडत, एक हात छातीशी धरून आला. त्याचं मनगट मोडलं होतं. तो आम्हाला शोधायला रस्त्यावर नाही, दरीत बघत येत होता. गटारात गाडी बघून तो रस्त्यावरच खाली बसला आणि त्याने गळ्यातला क्रूस तोंडाशी धरला.

थोड्या वेळाने घाटावरचा एक ट्रक थांबला. त्याचा ड्रायव्हर वयस्कर, तंबाखू मळत उतरला. गाडीखाली वाकून बघितलं, इंजिनात डोकं घातलं आणि काथ्याने बांधलेली ती नळी बाहेर काढली.

"पावनं, ब्रेकचा डबा उपाशी ठिवलाय व्हय?" तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. पेट्रोलचं इंजिन श्वास आत ओढतं, ती ओढ ह्या नळीतून डब्यात जाते आणि डबा ब्रेकला जोर देतो. डिझेलला ती ओढ नसते. डिझेल बसवलं की डब्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. घाटावर कुठल्याही गॅरेजमधलं पोर सांगेल, म्हणाला.

बस्त्याव त्या नळीकडे बघत राहिला. "होडयेक ब्रेक खय असता?" तो म्हणाला, ड्रायव्हरला नाही, नळीलाच.

"मग पान्यात थांबवता कसं?"

"आमी थांबवणव नाय. दर्या थांबवता."

ड्रायव्हर हसला नाही. त्याने साखळी लावून आम्हाला गटारातून काढलं आणि आपल्या गाडीच्या मागे लोखंडी दांड्याने जोडून फोंड्यापर्यंत सावकाश उतरवलं, आणि पुढे घरापर्यंत ओढत आणलं.

घरी पोचलो तेव्हा जाऊ पडवीत होती. दार नसलेली गाडी, गळ्यात हात बांधलेला बस्त्याव, आणि नाथा माझ्या खांद्यावर भार देऊन एका पायावर. त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. घाटाने नाही, माझ्या टाचेने. जाऊने सगळं बघितलं, इंजिनाकडे बघितलं, आणि आत गेली.

मी तिच्यामागे चुलीपाशी गेले. नाथाने सांग म्हटलं नव्हतं, नको सांगू असंही म्हटलं नव्हतं. मी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. दादा काय म्हणाला तेही. ती पेज ढवळत होती. ढवळणं थांबलं नाही. माझं बोलून झालं तेव्हा तिने पातेलं उतरवलं, वाटीत हळद आणि चुना कालवून गरम केला, आणि वाटी मला न देता स्वतःच घेऊन पडवीत गेली.

नाथा पाय लांब करून बसला होता. ती त्याच्या पायाशी बसली. त्याने पाय ओढून घ्यायला बघितलं, तिने घोटा धरला. लेप लावता लावता, मान खालीच ठेवून तिने विचारलं. मला नाही, त्याला.

"सांगताना कसो होतो तो?"

"चिडलेलो," नाथा म्हणाला. "मी जाय नाय होतंय. मगे तेना माका शिवी घातल्यान."

"खयची?"

"ऱ्हवांदे, वयनी."

"खयची ती सांग."

नाथाने ती शिवी सांगितली. इथे लिहिण्यासारखी ती नाही. गोपाळदादा ती जाळं फाटलं की द्यायचा, भात करपला की द्यायचा, आणि फार लाडात आला की बायकोलाही द्यायचा. दुसऱ्या कोणाच्या तोंडात ती गावात कधी ऐकली नव्हती.

जाऊचा हात त्याच्या पायावर थांबला. तिने पदराचं टोक तोंडात धरलं. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, मला तिच्या पाठीवरून कळेना.

"मगे तोच तो," ती म्हणाली, आणि उरलेला लेप लावू लागली.